आजोबांच्या ट्रंकेत जुना पितळी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य) सापडलाय, तो आधी कोणाकोणाकडे होता हे कसं शोधायचं?

आधी एक विनंती, तो घासू नका. तुम्ही लिहिलंय की बेलवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, 'बूझी अँड कंपनी, लंडन' वाचता येतं, खाली अजून काहीतरी पुसट कोरलंय आणि दिवाळीआधी पॉलिश करून घ्यायचा विचार आहे. अहो, ते पुसट आहे तेच तर तुम्हाला हवंय! आमच्या घरचं युफोनियम (बँडमधलं असंच पितळी, पण मोठं वाद्य) कित्येक वर्षं देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने लख्ख घासलं जायचं, त्यात निम्मी अक्षरं गेली, मला अजून त्याची हळहळ वाटते.

रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बेलला अगदी चिकटवून तिरका धरा, समोरून नाही, बाजूने, म्हणजे झिजलेल्या रेषेतसुद्धा सावली पडते. आमच्या युफोनियमवर मी असंच करत बसलो होतो तेव्हा आधी '१०५' दिसलं आणि थोड्या वेळाने पुढचं 'एम एल आय'. म्हणजे १०५ मराठा लाइट इन्फंट्री, फौजेतली एक पलटण. पलटणीचं हे नाव १९०३ ते १९२२ एवढंच होतं, नंतर ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली, त्यामुळे नुसत्या तीन आकड्यांवरून कोरणीचा काळ वीसेक वर्षांत आला. बाणाचं टोक कोरलेलं दिसलं तर ती सरकारी मालाची खूण. आणि फक्त पलटणीच धरून बसू नका, कोल्हापूर, बडोदा अशा संस्थानांचेही स्वतःचे बँड होते.

मग सीरियल नंबर बघा, तो बहुतेक मधल्या पिस्टनच्या (बोटांनी दाबायच्या खटक्याच्या) नळकांड्यावर असतो. पिस्टनवरचे १, २, ३ म्हणजे नुसता क्रम, त्यात फसू नका. बूझी आणि हॉक्स या वाद्यं बनवणाऱ्या कंपन्या १९३० ला एक झाल्या, पुढे बेसन नावाची कंपनीही त्यांच्यातच आली, आणि त्या कारखान्यांच्या जुन्या वह्या आता लंडनच्या हॉर्निमन म्युझियमकडे आहेत. नंबर आणि फोटो पाठवून त्यांना विचारता येतं. वाद्य कधी तयार झालं आणि काही वेळा कोणाला पाठवलं हेही वह्यांत असतं, पण 'कोणाला' म्हणजे बऱ्याचदा एखादा दुकानदार निघतो.

वाजवून पण बघा, पेटीसोबत (हार्मोनियमसोबत). तेव्हाचे ब्रिटिश बँड आजच्यापेक्षा चढा सूर लावायचे, आज 'ए' हा सूर ४४० हर्ट्झ धरतात तिथे साधारण ४५२. ट्यूनिंगच्या नळीला नंतर जोड देऊन ती लांब केलेली असेल तर समजा कोणीतरी तो इथल्या पेटीशी जुळवून घेतलाय, म्हणजे फौजेनंतर त्याने दुसरा संसार केला.

तो दुसरा संसार कुठल्याच वहीत सापडत नाही हो, तो माणसांकडे सापडतो. डाख देऊन सांधलेल्या जागा, ठिगळं, पोचे सगळं नीट बघा आणि आजोबांच्या गावातल्या जुन्या बँडवाल्यांकडे कॉर्नेटच घेऊन जा, फोटो नको. आमचं युफोनियम मी एका ऐंशी पार केलेल्या आजोबांच्या मांडीवर ठेवलं, त्यांना दिसत कमी होतं, त्यांनी बेलच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका पोच्यावर थांबले आणि म्हणाले, "हे बैलगाडीतनं पडलं तवा मी व्हतो की." मग सांगायला लागले, त्यांच्या मास्तरांनी ते बेळगावातून जुनंच विकत आणलेलं. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे मला ते लगेच पटलं. त्या एका दुपारी मला चार वाजवणाऱ्यांची नावं मिळाली, ओळीने. मी तिथेच बसून लिहून घेतली आणि त्यांचं बोलणं रेकॉर्डही केलं, तुम्हीपण रेकॉर्ड कराच.

मधल्या पिस्टनचा आणि त्या पुसट अक्षरांचा तिरक्या उजेडातला फोटो टाका इथे, वाचता आलं तर पुढचं सांगतो.