नान्नांच्या आजाराची माणसं कुठे शोधू?

प्रश्न : काकू, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना नान्ना म्हणतो, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. वय ५४. दिवाळीनंतर त्यांना रक्ताची उलटी झाली, ऑपरेशन करून जठरातली गाठ काढली. रिपोर्टात 'जीआयएसटी' असं आलंय. डॉक्टर म्हणाले, हा नेहमीचा कॅन्सर नाही, फार क्वचित होतो. रोजची गोळी सुरू केली आहे. गल्लीत, नात्यात कुणीच हे नाव ऐकलेलं नाही. मी रात्री फोनवर शोधत बसते आणि जास्तच घाबरते. ह्याच आजाराची माणसं ऑनलाइन भेटतात म्हणे. ती कुठे शोधायची? माझं इंग्रजी बेताचं आहे. एका ग्रुपवर तर गोळी बंद करून काढा घ्या असं सांगितलं. विश्वास कुणावर ठेवू?
– एक मुलगी, सोलापूर

उत्तर : बाळ, काढ्याचं आधी सांगते, कारण त्याला उशीर चालणार नाही. नान्नांची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. कमी, जास्त, बंद, जे काय ते फक्त त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ही गोळी बहुधा इमॅटिनिब असेल. ती यकृतात पचते, आणि काही झाडपाल्याची आणि इतर औषधं तिथेच तिच्या आड येतात. म्हणून घरात जे काही देत असाल, ते डॉक्टरांना दाखव. आणि त्या ग्रुपमधून आजच बाहेर पड. तिथे वाद घालत बसू नकोस.

आता माझं सांगते. २०१० साली आमच्या ह्यांच्या लहान आतड्यात हीच गाठ निघाली. घरात सगळ्यांनी मला 'पोटाचा कॅन्सर' एवढंच सांगितलं आणि मीही तेच धरून बसले. मुलाने इंटरनेट घेऊन दिलं होतं, त्यावर तेच टाईप केलं आणि जठराच्या नेहमीच्या कॅन्सरच्या लोकांत जाऊन बसले. दीड महिना! माणसं भली होती, पण त्यांचा आजार वेगळा होता. ते केमोच्या सलाईनबद्दल लिहायचे आणि मी इथे डॉक्टरांच्या मागे लागायची, की आमच्या ह्यांना केमो का देत नाही? आपली ऐपत नाही म्हणून टाळतायत, असं माझ्या मनाने घेतलं होतं. नेहमीची केमो ह्या गाठीवर जवळजवळ चालतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते दीड महिने मी ह्यांनाही सुखाने जेवू दिलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून फोन हातात घेण्याआधी नान्नांचा बायोप्सीचा रिपोर्ट घे. डिस्चार्ज कार्ड नाही, गाठ तपासलेल्या लॅबचा रिपोर्ट. त्यात आजाराचं पूर्ण नाव असेल : गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. ते इंग्रजी अक्षरं बघून एका कागदावर जसंच्या तसं उतरव. गाठ कुठे होती, किती सेंटीमीटरची, पेशी किती वेगाने वाढत होत्या, सीडी ११७ (ही गाठ ओळखायची लॅबमधली खूण) पॉझिटिव्ह आहे का, तेही लिही. शोधताना ते पूर्ण नाव टाक. नुसतं 'पोटाचा कॅन्सर' टाकलंस की माझ्यासारखी भलत्या घरात जाशील.

क्वचित म्हणजे कुणालाच नाही, असं समजू नकोस. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर दर १० लाख माणसांत वर्षाला साधारण १० ते १५ जणांना हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. त्या हिशोबाने ह्याच शहरात दर वर्षी नऊ-दहा घरं तरी अशी निघावीत. त्यांच्याही घरी 'पोटाची गाठ' एवढंच म्हणत असतील, म्हणून ती एकमेकांना सापडत नाहीत.

आपल्या देशात 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' म्हणून रुग्णांचा गट आहे. सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आणि जीआयएसटी, ह्या दोन्हींचे रुग्ण त्यात एकत्र असतात, कारण दोघांनाही हीच गोळी लागते. तो 'मॅक्स फाउंडेशन'शी जोडलेला आहे. सीएमएलने गेलेल्या एका कोवळ्या मुलाच्या नावावरून ते नाव पडलं. सुरुवात तिथून कर. इथे हिंदीत बोलणारे भेटतील, गोळी कुठे मिळते, किती पडते हेही त्यांना ठाऊक असतं. दुसरी संस्था अमेरिकेतली, 'लाइफ राफ्ट ग्रुप'. राफ्ट म्हणजे बुडणाऱ्यांना धरायला तराफा. ह्या गोळीच्या चाचण्या चालू होत्या तेव्हा त्यात भाग घेतलेले रुग्ण आणि त्यांचे घरचे ईमेलवर एकमेकांना विचारू लागले, त्यातून ती उभी राहिली. जीआयएसटीसाठी ह्या गोळीला अमेरिकेत २००२ च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. हे साल पाठ करून ठेव. त्याआधीचं जे काही वाचशील, 'इतकेच महिने' वगैरे, ते गोळी नसतानाच्या काळातलं आहे. काहीही वाचण्याआधी वर तारीख बघायची सवय लाव.

माझं इंग्रजीही बेताचंच. माझी सगळी नोकरी मराठी शाळेत शिकवण्यात झाली. तरी मी शब्दकोश मांडीवर घेऊन त्या अमेरिकेतल्या गटाला चार ओळी लिहिल्या. नळाला पाणी यायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, तर उत्तर येऊन पडलेलं. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईने एकच प्रश्न विचारला होता : "एक्सॉन कोणता?" शब्दकोशात काही तो शब्द सापडला नाही. मग तिनेच सोपं करून सांगितलं. ह्या गाठींत बहुतेक वेळा 'किट' नावाच्या जनुकात बिघाड असतो. १९९८ साली जपानी संशोधकांनी तो शोधला. त्या जनुकाच्या कोणत्या भागात, म्हणजे कोणत्या एक्सॉनमध्ये बिघाड आहे, त्यावर गोळी किती लागू पडेल हे बरंचसं ठरतं. बहुतेकांचा बिघाड ११ व्या एक्सॉनमध्ये असतो, थोड्यांचा ९ व्यात. आतड्यातल्या गाठींत हा ९ वा जास्त दिसतो.

मी तो प्रश्न तसाच डॉक्टरांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ब्लॉक आणा. काढलेली गाठ लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेली असते, त्याला ब्लॉक म्हणतात. तो घेऊन आम्ही रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. तपासणीत ९ वा एक्सॉन आला. पुढे आजार यकृतात दिसला तेव्हा डॉक्टरांनी त्या रिपोर्टावरून हळूहळू डोस दुप्पट केला. तो प्रश्न मला कुणी विचारलाच नसता तर काय झालं असतं, हे मी मनात येऊ देत नाही. नान्नांचं वेगळं असेल, म्हणून डोसाचं माझं ऐकून काही करू नकोस. पण त्यांच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचार : म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बिघाडाची तपासणी झाली आहे का, नसेल तर करायची का, आणि ब्लॉक कुठे आहे?

चांगला गट ओळखायचा तो असा. तो तुला प्रश्न देऊन परत तुझ्याच डॉक्टरांकडे धाडतो. जिथे पैसे मागतात, पुड्या विकतात, 'डॉक्टरांना सांगू नका' म्हणतात, ती जागा आपली नाही.

छोट्या गोष्टी मात्र रुग्णांकडूनच शिकाव्यात. ह्यांना गोळीने मळमळायचं. तिकडच्या एकाने लिहिलं, जेवणाच्या मधोमध घ्या, वर मोठा पेलाभर पाणी. मग हे अर्धी भाकरी शेंगाचटणीशी खायचे, गोळी घ्यायचे, मग उरलेली अर्धी. मळमळ बरीच कमी झाली. सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. ते पुष्कळांना होतं हे वाचूनच आमचा निम्मा घोर गेला.

आणखी एक, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गटात मृत्यूच्याही बातम्या येतात. ज्यांच्याशी तू महिनाभर बोललीस, त्यांच्या मुलाचा निरोप येतो. शिवाय ज्यांचं बरं चाललंय ते कामाला लागतात, लिहायचे थांबतात. अडचणीतले जास्त लिहितात. त्यामुळे वाचताना चित्र आहे त्याहून काळं दिसतं. मी रात्री वाचणं बंद केलं, सकाळी पोळ्या झाल्यावर अर्धा तास वाचायची. तू पण रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आणि नान्नांना सगळं वाचून दाखवू नकोस. ते विचारतील तेवढंच सांग.

रिपोर्टाचा फोटो टाकायची वेळ आली तर नाव, पत्ता, केस नंबर झाकून टाक. आधार कार्ड कुणालाही पाठवायचं नाही. खर्चाचं म्हणशील तर हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना रेशनकार्ड घेऊन भेट.

आमचे हे नऊ वर्षं राहिले. २०१९ ची गड्ड्याची यात्रा त्यांनी नातवाला खांद्यावर घेऊन पाहिली आणि त्या श्रावणात गेले. ह्यांचा आजार पसरलेला होता. नान्नांची गाठ काढून झाली आहे, म्हणून तू ह्यांची वर्षं मोजून नान्नांना लावू नकोस.

पहिला निरोप कसा लिहायचा ते सांगते. मराठीत लिही, फोनवरून भाषांतर कर आणि कॉलेजातल्या मैत्रिणीकडून एकदा तपासून घे : "माझे वडील ५४ वर्षांचे. भारतात सोलापूरला राहतो. जठरात गाठ होती, अमुक सेंटीमीटर, अमुक महिन्यात काढली. गोळी सुरू आहे, अमुक मिलिग्रॅम. एक्सॉन अजून माहीत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारू?" एवढं पुरे. कागदावर अडलीस तर रिपोर्टातलं नाव झाकून झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी बसते आणि तुला ओळी लिहून देते.