अमेरिकेत सरकारी शाळांचा पैसा सगळ्या मुलांना सारखा मिळतो का?

नाही. तुम्ही विचारलंय की शिक्षण मोफत, कायदा सगळ्यांना एकच, मग पैसाही सारखाच वाटला जात असेल ना? तर्क सरळ आहे, पण तिथे पैसा नुसती मुलं मोजून सारखा वाटला जात नाही. त्याचा मोठा हिस्सा गोळा होतो एकेका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) हद्दीत, आणि खर्च होतो मुख्यतः पगारांवर. 'दर मुलामागे इतके डॉलर' हा आकडा खर्च होऊन गेल्यावर भागाकार करून काढलेला असतो.

ढोबळ हिशेब असा: केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. उरलेला भार राज्य आणि स्थानिक डिस्ट्रिक्ट जवळजवळ निम्मा-निम्मा उचलतात. स्थानिक पैसा प्रामुख्याने घरं आणि जमिनींवरच्या करातून येतो. म्हणजे ज्या हद्दीत घरं महाग, तिथल्या शाळेची तिजोरी भरलेली.

याचा सगळ्यात बोलका दाखला मला कॅलिफोर्नियातला वाटतो. १९६८-६९ मध्ये श्रीमंत बेव्हर्ली हिल्समध्ये एका विद्यार्थ्यावर १,२३२ डॉलर खर्च होत होते, तर त्याच काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) बाल्डविन पार्कमध्ये ५७७. इथवर वाचून वाटेल की गरीब वस्तीने कर कमी भरला असेल. उलट आहे. बाल्डविन पार्कचे लोक मालमत्तेच्या करपात्र किमतीतल्या दर १०० डॉलरमागे ५.४८ डॉलर कर भरत होते, बेव्हर्ली हिल्सचे २.३८. दुपटीहून जास्त दराने कर भरायचा आणि पोरांच्या पदरात निम्म्याहूनही कमी! १९७१ मध्ये 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चालणार नाही असं सांगितलं. मुलाचं शिक्षण त्याच्या आईबापांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्रीमंतीवर ठरू नये, हा त्या निकालाचा गाभा.

मग देशभर हेच का झालं नाही? कारण दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, टेक्सासमधल्या रॉड्रिग्ज खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही भांडणं राज्याराज्यांच्या न्यायालयांत, त्या त्या राज्याच्या घटनेवर बोट ठेवून लढली जातात. म्हणून 'अमेरिकेत कसं आहे' याला एक उत्तर नाही. हवाईमध्ये तर अख्ख्या राज्याचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.

आता थोडं आतलं. मला बजेटं वाचायची खोड आहे, आणि माझ्या मते खरी गंमत एकाच डिस्ट्रिक्टच्या आत असते, जिथे करही एक आणि बोर्डही एक. समजा दोन शाळा आहेत. दोन्हींत ४०० मुलं, २० शिक्षक. नव्या शिक्षकाला वर्षाला ४५,००० डॉलर, जुन्याजाणत्याला ९०,०००. पहिल्या शाळेत १५ जुने, ५ नवे. दुसरीत ५ जुने, १५ नवे. अनेक डिस्ट्रिक्ट बजेटमध्ये प्रत्येक पद डिस्ट्रिक्टभरच्या सरासरी पगारानेच धरत आलेत, त्यामुळे कागदावर दोन्ही शाळांपुढे १३.५ लाख डॉलर दिसतात. प्रत्यक्षात पहिलीत १५.७५ लाख जातात, दुसरीत ११.२५ लाख. मुलामागे ११२५ डॉलरचा फरक, आणि बजेटात त्याचा मागमूस नाही. अनेक ठिकाणी सेवाज्येष्ठतेमुळे जुन्या शिक्षकांना बदली मागून घेता येते आणि ते बहुधा निवांत वस्तीतली शाळा पसंत करतात. कोणी अफरातफर केलेली नसते, सगळं नियमातच बसलेलं असतं.

सरासरी दुसऱ्या बाजूनेही फसवते. मोठ्या शहरांतला मुलामागचा खर्च पुष्कळदा भरघोस दिसतो. पण दिव्यांग मुलांसाठीचे खास शिक्षक, थेरपिस्ट, वेगळी वाहनं हे सगळं त्यातच असतं. १९७५ च्या कायद्याने ते शिक्षण बंधनकारक केलं आणि जादा खर्चाचा मोठा हिस्सा केंद्र देईल असं ठरलं. तो कधीच पूर्ण आला नाही. तेव्हा 'शहरातल्या शाळांवर पैसा उधळतात' असं कोणी म्हणालं की मी आधी हा खर्च वेगळा काढायला सांगतो.

आणि सारखं वाटून टाकलं म्हणजे झालं असंही मला वाटत नाही. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलाला शिकवायला जास्त माणसं लागतात, तेव्हा त्याच्यामागे पैसा जास्तच हवा. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये हे राज्याचा पैसा वाटायच्या सूत्रातच घातलं: गरीब घरातलं, इंग्रजी शिकत असलेलं किंवा सरकारी देखरेखीखाली पालक-कुटुंबात वाढणारं मूल असेल तर मुलामागच्या मूळ रकमेवर २० टक्के जादा. अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर त्यावर आणखी. अर्थात हा पैसा डिस्ट्रिक्टला मिळतो. तो त्याच मुलाच्या वर्गापर्यंत पोचतो की नाही, ही तक्रार वेगळी आणि रास्त आहे.

तुम्हाला एखाद्या ठरावीक शाळेचं बघायचं असेल तर सोय आहे. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला शाळानिहाय मुलामागचा खर्च जाहीर करावा लागतो, तोही प्रत्यक्ष पगार धरून. राज्य आपल्या शाळांबद्दल दरवर्षी जे 'रिपोर्ट कार्ड' प्रसिद्ध करतं, त्यात तो सापडेल. एकाच डिस्ट्रिक्टमधल्या शाळा शेजारी-शेजारी ठेवून बघा, आणि पालक संघटनांनी जमवलेल्या देणग्या त्या आकड्यात धरल्यात की नाही तेही विचारा.