डोक्यात वस्तूचा फोटो साठवलेला असतो का?

वस्तू कुठूनही पाहिली तरी ओळखू येते, मग मनात तिचा आकार फोटोसारखा असतो का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, नाही. मनात मुख्यतः राहते ती रचना: भाग कोणते, आणि कुठला कुठे जोडलेला.

मी चित्रकला शिकवते. नवशिक्याला समोरची खुर्ची काढायला सांगितली, की तो चारही पाय सारख्याच लांबीचे काढतो. प्रत्यक्षात मागचे पाय आखूड दिसत असतात, एखादा तर झाकलेलाच असतो. पण त्याला ठाऊक असलेल्या खुर्चीला चार सारखे पाय आहेत, आणि हात तीच खुर्ची काढतो.

मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग बीडरमन यांनी 1987 मध्ये मांडलं, की सुमारे 36 साध्या घनाकारांच्या जोडणीतून आपण वस्तू ओळखतो. नळकांड्याला वाकडी कडी बाजूला लावली तर कप, वर लावली तर बादली. भाग तेच, फक्त जोड बदलला.

मला मात्र याहून भावतो तो ‘सांगाड्याचा’ विचार. हॅरी ब्लम यांनी तो 1960च्या दशकात मांडला. एखादा आकार वाळलेल्या गवताने भरलाय आणि त्याच्या कडेला चहूबाजूंनी एकदम आग लावलीय, असं समजा. आगी आत सरकत जिथे एकमेकींना भिडतील, तो त्या आकाराचा सांगाडा. ही निव्वळ भूमिती वाटेल. पण 2014 मध्ये फायरस्टोन आणि शॉल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना टॅब्लेटवर एक आकार दाखवला आणि सांगितलं, ‘यावर कुठेही एकदा बोट टेकवा.’ प्रत्येकाचा एकच ठिपका. शेकडो लोकांचे ठिपके एकत्र केले, तर ते सांगाड्याच्या रेषांवर गोळा झालेले! कुणालाही तसं सांगितलं नव्हतं. मांजर मुटकुळं करून झोपलं काय किंवा ताणून पसरलं काय, ओळखू येतं ते यामुळेच असावं: सांगाडा वाकतो, जोड तेच राहतात.

पण वस्तू अशी भाग आणि जोड म्हणून लक्षात ठेवली, की डावं-उजवं सहज निसटतं. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळे जोडून केलेल्या आकारांच्या जोड्या दाखवल्या: दोन्ही एकच आहेत, की एक दुसऱ्याचं आरशातलं रूप? आकार जितका जास्त फिरवलेला, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे इथे लोकांना तो मनातल्या मनात फिरवून पाहावा लागत होता. लहान मुलं सुरुवातीला काही अक्षरं उलटी काढतात, तेव्हा मला हेच आठवतं. भाग सगळे बरोबर, जोडही बरोबर, फक्त बाजू बदललेली.