वाचक विचारतात : सुया, कटकन आवाज आणि दुखणारी कंबर

कंबरदुखीवरील आमच्या मागील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत गोळ्या किंवा शस्त्रक्रिया यांविषयी नव्हे, तर ॲक्युपंक्चर (बारीक सुया टोचून केलेला उपचार) आणि कायरोप्रॅक्टिक (मणक्यांना हाताने झटके देऊन केलेला उपचार) यांविषयी विचारणा होती. त्यांतील पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी ५४ वर्षांची शिक्षिका असून गेली तीन वर्षे माझी कंबर दुखते. एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी थोडी बाहेर आल्याचे लिहिले आहे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त खवळते. शेजारच्या काकूंना ॲक्युपंक्चरने बरे वाटले. मी जावे का, आणि यात शास्त्र किती व श्रद्धा किती? (सोलापूर)

आपण जायला हरकत नाही, मात्र काय अपेक्षा ठेवून जावे हे आधी ठरवलेले बरे.

प्रथम त्या अहवालाविषयी, कारण तो कागद हातात पडल्यापासून आपली भीती वाढलेली दिसते. ज्यांची कंबर दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी अशीच थोडी फुगलेली आढळली. वयानुसार केस पिकतात तसाच हा प्रकार आहे, आणि पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा नसताना त्या फुगवट्यालाच दुखण्याचे मूळ मानणे घाईचे ठरते. सुईने ती गादी मागे सरकत नाही. ‘सुयांनी गॅप भरून काढतो’ असे कोणी सांगितले तर तेथून नमस्कार करून बाहेर पडावे.

आता सुयांविषयी. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तर ही भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. पालथे झोपवून कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यामागच्या खळगीत आणि पोटरीवर मिळून दहाबारा सुया टोचतात आणि वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. टोचताना डास चावल्याइतके जाणवते. त्यानंतर सुई बोटांत हलकेच फिरवली की आत खोलवर जड, ओढल्यासारखी, थोडी झिणझिणल्यासारखी जाणीव होते. चिनी वैद्य तिला ‘दे ची’ म्हणतात आणि ती आली की सुई बरोबर लागली असे मानतात. काही ठिकाणी सुयांना चिमटे लावून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात आणि मग स्नायू टकटक उडताना दिसतो. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. उपाशीपोटी गेल्यास मात्र चक्कर येऊ शकते, म्हणून थोडे खाऊन जावे.

शास्त्र आणि श्रद्धा यांचा हिशेब जर्मनीत झालेल्या एका मोठ्या चाचणीने उत्तम मांडला, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. जुनी कंबरदुखी असलेल्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला परंपरेने ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला मुद्दाम भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के रुग्णांना ठळक आराम होता. हे आकडे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुया टोचून घेणारे नेहमीच्या उपचारांच्या बरेच पुढे गेले, पण खऱ्या आणि खोट्या बिंदूंत नावालाच फरक राहिला. शरीरातून वाहणारी ‘ची’ नावाची ऊर्जा आणि तिचे ठरावीक मार्ग ही कल्पना या निकालात टिकत नाही, सुईचा परिणाम मात्र टिकतो. त्यात काही वाटा त्वचा आणि स्नायूंतील मज्जातंतू चेतवले जाण्याचा, काही शरीरातच तयार होणाऱ्या एंडॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा आणि काही निश्चितच विश्वासाचा, शांत पडून राहण्याचा आणि कोणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देण्याचा असतो. तज्ज्ञांतही यावर एकमत नाही. ब्रिटनमधील, उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, तर पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत त्याचा समावेश केला. पुरावा दोघांपुढे जवळपास सारखाच होता. खोट्या सुयांशी तुलना महत्त्वाची की रुग्णाला प्रत्यक्षात मिळणारा आराम, यावर निर्णय फिरला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, विशेषतः आपल्यासारख्या गोळ्या न सोसणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत.

तेव्हा आठवड्यातून एकदोनदा अशा सहा ते आठ बैठका घ्याव्यात. सुरू करण्यापूर्वी एका वहीत लिहून ठेवावे : फळ्यासमोर किती वेळ उभे राहता येते, रात्री कितीदा जाग येते, आठवड्यात किती गोळ्या लागतात. सहाव्या बैठकीनंतर तेच पुन्हा लिहावे. आकडे हलले नसतील तर थांबावे, मग समोरचा कितीही म्हणो की ‘आता कुठे गुण येऊ लागला आहे’. आराम पडला तर त्या आरामाचा उपयोग चालणे आणि पाठीचे व्यायाम वाढवण्यासाठी करावा, कारण पुढचा टप्पा त्यांच्यावरच आहे.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली राज्य परिषद आहे. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको. सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, हेही पाहावे.

आपण सोलापूरच्या, म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. भारतात ही विद्या रुजली ती त्यांच्यामुळे.

प्रश्न : वय ३१, संगणकावर दहा तास काम, मान सतत आखडलेली. मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ पाहतो. मान फिरवताच कटकन आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. जवळच्या एका केंद्रात ‘मणके जागेवर बसवण्यासाठी’ २४ बैठकांचे पॅकेज घ्यायला सांगितले आहे आणि पुढे आयुष्यभर दरमहा एकदा ‘देखभाल’ म्हणून यावे लागेल असेही सांगितले आहे. घ्यावे का? (पुणे)

पॅकेज घेऊ नये. बाकीचे उत्तर थोडे लांब आहे.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. मणक्यांच्या जोडीला जे लहान सांधे असतात, त्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की आतील दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटे मोडताना होतो तोच. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये बोटांचे सांधे ओढताना एमआरआयखाली ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष पाहिली. झटक्यानंतर आसपासचे स्नायू काही काळ सैल पडतात आणि मान हलकी वाटते. ते वाटणे खरे असते, मात्र आपले मणके मुळात जागा सोडून गेलेलेच नव्हते.

‘जागेवर बसवणे’ ही भाषा आली कोठून, तर या पद्धतीच्या जन्मकथेतून. १८९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतील मणका दाबला आणि त्याचे हरवलेले ऐकू येणे परत आले असा दावा केला. बहुतेक सर्व रोग मणके किंचित सरकल्याने होतात, हा सिद्धांत त्यांनी त्यावरून मांडला. तो सिद्धांत सिद्ध झालेला नाही. कंबरदुखीत मात्र मणक्यांना हाताने दिलेले झटके व्यायाम किंवा फिजिओथेरपीइतका, म्हणजे मध्यम आराम देतात हे दिसून आले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या उपायांत त्यांना स्थान दिले आहे. अनेक कायरोप्रॅक्टर आता पामरांची भाषा सोडून हेच सांगतात. आपल्याला भेटलेले त्यांपैकी दिसत नाहीत.

मानेची गोष्ट कमरेहून वेगळी आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान जोराने पिळली असता क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तेथे गुठळी धरते आणि पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण आखडलेल्या मानेसाठी इतकी किंमत मोजण्याचा धोका कशाला घ्यायचा? सलूनमध्ये दाढी झाल्यावर ‘मान मोडून देऊ का, साहेब?’ असे विचारले जाते, तेथेही नम्रपणे नकोच म्हणावे. पूर्वी कधी न झालेले तीव्र मानदुखीचे किंवा डोकेदुखीचे दुखणे असेल, बोलणे अडखळत असेल, एकाच्या जागी दोन दिसत असतील किंवा तोल जात असेल, तर मानेला हात न लावू देता थेट रुग्णालय गाठावे.

दरमहा देखभालीविषयी स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक चांगला अभ्यास आहे. ज्यांची कंबर पुन्हापुन्हा धरते आणि ज्यांना पहिल्या काही बैठकांत स्पष्ट गुण आला होता, अशाच रुग्णांना ठरलेल्या अंतराने बोलावले असता वर्षाकाठी त्रासाचे सुमारे तेरा दिवस कमी झाले. लाभ आहे, पण तो निवडक रुग्णांना आणि कमरेसाठी. तिशीतल्या निरोगी माणसाने मणक्यांची ‘सर्व्हिसिंग’ करत राहावे याला आधार नाही. शिवाय ॲक्युपंक्चरसाठी आपल्या राज्यात परिषद आहे, तशी वैधानिक परिषद कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात नाही. परदेशी पदवी घेतलेली मोजकी मंडळी येथे काम करतात आणि व्हिडिओ पाहून शिकलेलेही. पाटी दोघांची सारखीच असते.

आपल्यासाठी पहिला उपाय स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणणे हा आहे. लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तके आणि एक वेगळा कीबोर्ड एवढ्यात ते भागते. दर अर्ध्या तासाने उठावे आणि खांदे व मानेच्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

प्रश्न : आमच्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात आणि माणूस उठून चालायला लागतो. मग हे कायरोप्रॅक्टर वेगळे काय करतात? (कागल, जि. कोल्हापूर)

आपण हसत विचारले असले तरी प्रश्न नेमका आहे. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत आपोआप उतरते आणि दुखणे ऐन भरात असतानाच माणूस पायाळूकडे, तालमीतल्या वस्तादाकडे किंवा दवाखान्यात जातो. त्यानंतर ते उतरले की श्रेय शेवटी भेटलेल्याला मिळते. पायाळूने हलकेच पाय लावला तर नुकसान नाही. जोरात लाथ मारण्याची जी पद्धत काही गावांत आहे, तिला माझा विरोध आहे, आणि घरातील साठीपुढच्या स्त्रियांच्या बाबतीत तर सक्त विरोध आहे, कारण ठिसूळ झालेला मणका तेवढ्यानेही दबून मोडतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

काही दुखण्यांना कोणाचाच हात किंवा पाय लागता कामा नये. रात्री वाढणाऱ्या पाठदुखीबरोबर बारीक ताप आणि वजन घटणे असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची शंका प्रथम घ्यावी लागते. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अशा वेळी ‘आधी एकदा दाखवून तर येऊ’ म्हणत घालवलेले दोन दिवस भरून निघत नाहीत.

प्रश्न : आमचे बाळ अडीच महिन्यांचे आहे आणि रोज संध्याकाळी दोनतीन तास रडते. येथील एका कायरोप्रॅक्टरने पाठीच्या उपचाराने पोटदुखी थांबेल असे सांगितले. आई भारतातून फोनवर म्हणते की मालिश करा. कोणाचे ऐकावे? (न्यू जर्सी)

आईंचे, अर्थात हलक्या हाताने. अमेरिकेत कायरोप्रॅक्टर परवानाधारक असतात हे खरे, पण तान्ह्या बाळाच्या रडण्यावर पाठीच्या उपचाराने गुण येतो याला भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये नेमक्या याच दाव्यावर २००८ मध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने टीका केली, तेव्हा तेथील कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि २०१० मध्ये तो स्वतःच मागे घेतला. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तीनचार महिन्यांत ओसरते. बाळाचे वजन वाढत असेल, दूध नीट ओढत असेल, ताप किंवा हिरवी उलटी नसेल, तर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे आणि आळीपाळीने झोप काढणे हाच मार्ग. शंका वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. गुडघ्यांसाठी ॲक्युपंक्चर चालेल का? (नाशिक)

चालू शकते, परंतु गोळ्या सोडून नव्हे. सुयांसाठी म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्याने स्टेंट बंद पडण्याचा जो धोका उद्भवतो, त्यापुढे टोचल्या जागी उठणारा निळा डाग काहीच नाही. पावलांची संवेदना कमी झाली असल्यास घोट्याखाली सुया टोचून घेऊ नयेत आणि शेक किंवा जळती वनस्पती जवळ धरण्याचा प्रकार तर मुळीच करू देऊ नये, कारण भाजलेले त्यांना कळणार नाही. पुढे कधी पेसमेकर बसला तर विद्युतप्रवाहाच्या सुया वर्ज्य. गुडघ्याच्या झिजेत सुयांचा लाभ मर्यादित असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि थोडे वजन उतरवणे यांचा अधिक होतो. पहिल्या भेटीला जाताना चालू गोळ्यांची सर्व पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत, कारण ‘रक्ताची एक बारीक पांढरी गोळी’ एवढ्यावरून कोणालाही काही कळत नाही.