वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी डॉक्टरांनी ल्युटेशियम थेरपी सुचवली आहे. हे नेहमीच्या रेडिएशनपेक्षा वेगळं कसं? घरात ३ वर्षांची मुलगी आहे, तिला धोका आहे का?

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्निशियन आहे, हे डोस देताना पेशंटच्या बाजूला असते. मुलांबद्दलचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याचं उत्तर खाली देतेच. पण माझ्या मते तुम्ही डॉक्टरांना आधी वेगळंच विचारायला हवं: बाबांचा पीएसएमए पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सरच्या गाठी उजळून दाखवणारा स्कॅन, झाला का, आणि त्यात सगळ्या गाठी उजळल्या का?

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. नेहमीच्या रेडिएशनमध्ये मशीन बाहेरून एका ठरावीक जागेवर किरण सोडतं. कॅन्सर हाडांत ठिकठिकाणी पसरला असेल, तर प्रत्येक जागेवर असा मारा करता येत नाही. ल्युटेशियमचं औषध शिरेतून देतात आणि ते रक्तावाटे गाठींपर्यंत जातं. त्याचे दोन भाग असतात. एक रेणू, जो प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर भरपूर आढळणाऱ्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि त्याला जोडलेला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सर्गी अणू. पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर, असं समजा.

स्कॅनच्या वेळी जवळपास त्याच पत्त्यावर वेगळा मजकूर पाठवतात. बऱ्याचदा तो गॅलियम-६८ असतो. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ) अवघं ६८ मिनिटांचं, म्हणजे फोटो काढण्यापुरतं. जिथे गॅलियम पोहोचलं, तिथेच पुढे ल्युटेशियम पोहोचणार. म्हणून गाठी स्कॅनवर निदान यकृतापेक्षा तरी ठळक दिसाव्या लागतात. सीटीवर मोठी गाठ दिसतेय पण पीएसएमए स्कॅनवर ती अंधारात आहे, असं असेल तर त्या गाठीला औषध लागूच पडणार नाही. तिच्यापुरता तो डोस वाया. अशा वेळी डॉक्टर दुसरा मार्ग धरतात, आणि तो ऐकून निराश होऊ नका. उपयोग नसलेला डोस टळला, हा फायदाच आहे.

गाठीत पोहोचल्यावर ल्युटेशियम बीटा कण सोडतं. ते शरीरात फार तर २ मिलिमीटर जातात आणि तेवढ्या टप्प्यातल्या पेशींचा डीएनए तोडतात. अर्धायुष्य सुमारे ६.६ दिवस, त्यामुळे हे काम दिवसचे दिवस सावकाश चालतं. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात, ते शरीराबाहेर येतात. डोस दिल्यावर औषध कुठे बसलं ते आम्ही कॅमेऱ्यावर पाहतो, ते त्यांच्याच जोरावर. (आणि मुलीपासून लांब राहा म्हणतो, तेही त्यांच्यामुळेच.)

‘आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना’ असंही लोक विचारतात. नाही. किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइडच्या आजारासाठी १९४१ मध्ये बोस्टनमध्ये पहिल्यांदा दिलं गेलं, आणि थायरॉइड कॅन्सरमध्ये ते आजही वापरतात. थायरॉइडला आयोडीन मुळातच हवं असतं, म्हणून तिथे वेगळ्या पत्त्याची गरजच पडली नाही. प्रोस्टेटचं ल्युटेशियम मात्र तुलनेनं नवं. व्हिजन नावाची ८३१ पेशंटांची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेनं) मान्यता दिली. त्या चाचणीतले पेशंट हार्मोनची नवी औषधं आणि केमो दोन्ही घेऊन झालेले होते. नेहमीच्या उपचारांवर त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.३ महिने होतं, ल्युटेशियम जोडल्यावर १५.३ महिने. हा आकडा मुद्दाम देतेय, कारण इंटरनेटवर ‘चमत्कार’ शब्द फार स्वस्त झालाय. काही जणांचा पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो घटक) झपाट्यानं खाली येतो, काहींचा हलतही नाही. आजार मुळापासून जाईल या आशेनं हे घेऊ नका. तो आटोक्यात राहावा, दुखणं कमी व्हावं म्हणून घ्या.

त्रास कुठे होतो? पीएसएमए लाळग्रंथींतही थोडं असतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. व्हिजनमध्ये हे सुमारे ३९ टक्के लोकांना झालं. थकवा आणि मळमळ येते. खरी काळजी अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांत रक्त तयार करणाऱ्या भागाची: हिमोग्लोबिन, प्लेटलेट उतरतात. प्रत्येक डोसआधी रक्त आणि किडनीच्या तपासण्या होतात त्या यासाठी, आणि त्या बरोबर नसतील तर डोस पुढे ढकलतात. साधारणपणे ६ आठवड्यांच्या अंतरानं जास्तीत जास्त ६ डोस देतात.

आता मुलगी. औषधाचा जो भाग गाठींत बसत नाही, तो बहुतेक लघवीतून जातो, तोही पहिल्या एक-दोन दिवसांत. सर्वसाधारण सूचना अशी की घरातल्या मोठ्यांपासून २ दिवस आणि लहान मुलांपासून व गरोदर बाईपासून ७ दिवस मीटरभर तरी अंतर ठेवायचं. मुलांनी ७ दिवस आजोबांच्या खोलीत झोपायचं नाही, गरोदर बाईनं १५ दिवस. समोरून जाणं, दारातून बोलणं चालतं. मांडीवर घेणं नको. तुमच्या रुग्णालयानं याहून कडक सांगितलं तर त्यांचंच ऐका. मुलीला समजावणं जमणार नसेल, तर तो आठवडा तिला दुसरीकडे ठेवणं मला जास्त सोपं वाटतं. आजोबा दिसले की ३ वर्षांचं पोर धावणारच.

बाबांनी भरपूर पाणी प्यायचं, लघवीला बसून जायचं, फ्लश दोनदा करायचा, हात नीट धुवायचे. आणि त्यांचा लघवीवर ताबा राहत नसेल तर ते डोसच्या आधी आम्हाला सांगा. प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये हे खूप असतं, पण संकोचानं कोणी बोलत नाही. आधी कळलं तर कॅथेटर (लघवीची नळी) किंवा डायपर, हातमोजे, कपडे कसे वेगळे धुवायचे हे सगळं ठरवून देता येतं.