'सर्वसाधारण दर' म्हणजे सरासरी नव्हे

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, भाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. बाजार समितीच्या दरपत्रकात परवा किमान ६००, कमाल २००० आणि सर्वसाधारण १७०० रुपये क्विंटल असे भाव होते. किमान-कमाल यांची सरासरी १३०० येते, मग १७०० कुठून आले? भावाला विक्रीनंतर मिळालेल्या हिशेबपट्टीला तर त्याहून बरेच कमी पडले.

उत्तर : दरपत्रक चुकलेले नाही, रकान्याचे नाव तेवढे फसवे आहे. ज्या भावाने सर्वाधिक माल विकला जातो तो भाव 'सर्वसाधारण' म्हणून नोंदवतात, आणि संख्याशास्त्रात त्याला बहुलक म्हणतात. तुम्ही काढलेला आकडा मात्र दोनच टोकांवर उभा आहे, आणि ती टोके म्हणजे बहुधा एखादी चिंगळीची, म्हणजे अगदी बारीक कांद्याची ट्रॉली व एखादी निवडक मालाची. समजा, सारख्या वजनाच्या नऊ ट्रॉल्यांना ६००, ९००, १२००, १३००, १५००, १७००, १७००, १७०० आणि २००० असे भाव मिळाले. येथे बहुलक १७००. चढत्या क्रमातला पाचवा भाव, म्हणजे मध्यक, १५००. आणि १२,६०० या बेरजेला नऊने भागून येणारा मध्य, ज्याला आपण व्यवहारात सरासरी म्हणतो, तो १४००. एकाच लिलावाचे हे तीन आकडे असून तिन्ही खरे आहेत. 'सर्वसाधारण' पाहून माल बाजारात न्यायचा, तर आपला माल त्याच प्रतीचा आहे ना, हे आधी पाहावे. गोलटी, म्हणजे लहान आकाराचा कांदा नेणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग नाही.

पट्टीच्या हिशेबात वजनही धरावे लागते. १० क्विंटल १७०० ने आणि ३० क्विंटल ९०० ने गेला, तर सरासरी १३०० नव्हे, ११०० पडते. याला भारित सरासरी म्हणतात, आणि घरात पैसे येतात ते तिच्याच हिशेबाने.

प्रश्न : दादरला राहून गावची शेती सांभाळतो. गेल्या खरिपात आमचे पीक बुडाले, तरी 'मंडळाचे सरासरी उत्पादन चांगले' म्हणून विमा नाकारला गेला. हे कसे?

उत्तर : प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेतावर नव्हे, तर महसूल मंडळासारख्या (काही गावांच्या गटाच्या) क्षेत्रातील पीककापणी प्रयोगांच्या, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून मोजलेल्या उत्पादनाच्या, सरासरीवर ठरते. ही सरासरी उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरली, तरच भरपाई मिळते. उंबरठा काढताना मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांचीच सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराच्या, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या उत्पादनाच्या, टक्केवारीने गुणतात, त्यामुळे दोन वाईट वर्षे हिशेबातून गळतात आणि उंबरठा फार खाली येत नाही. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. अडचण आहे ती क्षेत्राच्या सरासरीत. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवा : सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. दोहोंची सरासरी ५०९ होते, आणि तेवढा पाऊस या दोहोंपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता. तुमच्या मंडळातही कोणाचे सांताक्रूझ झाले असेल आणि कोणाचे कुलाबा.