जीटीओच्या इंजिनासाठी निवृत्तीच्या पैशांतून कर्ज काढावे का?

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून मिशिगनमधील नोव्हाय येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहे. पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर असून पत्नीही नोकरी करते. बँकेत १८,००० डॉलर शिल्लक आहे आणि घरखर्च महिना ६,००० डॉलर आहे. गेल्या वर्षी मी १९६९ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घेतली. काही दिवस उभी राहिली की तिला बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आयडलला ती थरथरते आणि पिकअप घेताना अडखळते. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन उतरवून नव्याने बांधावे आणि कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवावे. खर्च १६,००० डॉलर असून त्यांतील ३,००० त्यांना आगाऊ हवे आहेत. ही रक्कम ४०१(के), म्हणजे नोकरीतील निवृत्ती-बचत खात्यामधून कर्जाऊ घ्यावी आणि हप्ता झेपावा म्हणून पगारातील माझा भरणा ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणावा, असा विचार आहे. माझ्या ६ टक्क्यांपर्यंतच्या भरण्यावर कंपनी निम्मी भर घालते. ऑगस्टमधील वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीला गाडी न्यायची इच्छा आहे.

उत्तर : हे कर्ज आपण काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीवर पैसे खर्च करणेच चुकीचे आहे, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. डेट्रॉइटहून पॉन्टिअ‍ॅक शहराकडे जाणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून स्वतःच्या हाताने सुस्थितीत आणलेली जीटीओ चालवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे आणि आपल्या उत्पन्नात ती बसतेही. माझा आक्षेप आहे तो क्रमाला. इंजिनाची कोणतीही मोजणी आपल्या पत्रात नाही; आहे तो फक्त अंदाज, आणि त्या अंदाजावर पाच वर्षांचे कर्ज उभे राहत आहे.

आधी कर्जाचे पाहू. ४०१(के) मधील कर्जाचे व्याज आपल्याच खात्यात जमा होते, म्हणून ते स्वस्त वाटते. साडेआठ टक्के दराने १६,००० डॉलरचा पाच वर्षांचा हप्ता महिना सुमारे ३२८ डॉलर येतो. खरा तोटा आपण सुचवलेल्या कपातीत आहे. आज आपल्या ७,२०० डॉलरच्या भरण्यावर कंपनी वर्षाला ३,६०० डॉलर घालते. भरणा निम्मा केल्यास कंपनीचे १,८०० डॉलर दरवर्षी जातील, म्हणजे पाच वर्षांत ९,००० डॉलर, आणि त्यावरची वाढ वेगळी. दुसरा धोका नोकरीचा. वाहन उद्योगातील कपातीचे फेरे आपण जवळून पाहत असाल. नोकरी सुटली आणि कर्जाची बाकी पुढील वर्षीच्या कर-विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरता आली नाही, तर ती रक्कम काढून घेतली असे धरले जाते. समजा बाकी १२,००० डॉलर असेल, तर २२ टक्के केंद्रीय कर, मिशिगनचा ४.२५ टक्के कर आणि वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्याआधी पैसे काढल्याचा १० टक्के दंड मिळून सुमारे ४,३५० डॉलर जातील, तेही नेमके पगार बंद असताना. बँकेतील १८,००० डॉलरला हात लावण्याचाही पर्याय नाही. ती तीन महिन्यांची शिदोरी आहे आणि आपल्या क्षेत्रात ती सहा महिन्यांची असायला हवी.

आता गाडीकडे वळू, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर बॉनेटखाली आहे. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींना इंजिन न उघडता सापडणारी कारणे आहेत. या गाडीवरील रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या बुचांमधून पेट्रोल झिरपणे हा जुना दोष आहे. गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे भांडे रिकामे होते आणि मग सेल्फ मारत बसावे लागते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइपही कुजतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे धोक्याचे असल्याने ते सर्वांत आधी बदलावेत. थरथरण्यामागे पॉइंट्सची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) बिघडलेली फट, सरकलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा फाटलेली व्हॅक्यूम नळी असू शकते. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्को डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला एक छोटी धातूची खिडकी असते; ती वर सरकवून, चालू इंजिनावर अ‍ॅलन की फिरवत ड्वेल, म्हणजे पॉइंट्स बंद राहण्याचा कोन, ३० अंशांवर आणता येतो. मग व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, टायमिंग लाइटने सर्व्हिस मॅन्युअलमधील अंश जुळवावा. एका दुपारचे हे काम आहे आणि आपण अभियंता आहात.

त्यानंतर इंजिनातील हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावावा. मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेल्या निरोगी इंजिनात आयडलला काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो; तो खाली पण स्थिर असेल तर उशिराचे टायमिंग किंवा हवेची गळती, आणि ठरावीक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्ह, अशी शंका घ्यावी. शेवटी इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजावे आणि आकडे लिहून ठेवावेत. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली गेला, तरच इंजिन उघडण्याची चर्चा करावी. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वर आला तर दोष रिंगांचा, नाही आला तर बहुधा व्हॉल्व्हचा; आणि केवळ व्हॉल्व्हचे काम संपूर्ण इंजिन बांधण्याहून पुष्कळ स्वस्त पडते.

एका ठिकाणी मात्र दिरंगाई करू नये. पॉन्टिअ‍ॅकच्या या इंजिनातील कॅमच्या मूळ गिअरचे दात नायलॉनचे असत. वयाने ते ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. क्रँक पान्याने मागेपुढे फिरवून पाहावा. डिस्ट्रिब्युटरमधील रोटर हलण्याआधी क्रँक बराच फिरत असेल तर क्रँक आणि कॅम यांना जोडणारी चेन सैल झाली आहे. तिच्यामुळे टायमिंगही मागे पडते आणि पिकअप मरतो. चेन आणि लोखंडी गिअर वेळेवर बदलले, तर पुढे इंजिनावर हजारो डॉलर घालण्याची वेळ टळू शकते. मूळ गिअर आधीच बदलला आहे का, हेही मागील मालकाला विचारावे.

टायमिंग लाइट, ड्वेल मीटर, दोन्ही गेज, टॉर्क पाना आणि चांगले जॅकस्टँड चार-पाचशे डॉलरांत येतील. पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटरचे किट, प्लग, पॉइंट्स आणि चेन यांसाठी आणखी हजारभर डॉलर धरावेत. हा खर्च या हिवाळ्यात चालू पगारातून करावा. बर्फासाठी टाकलेले मीठ रस्त्यावर असेपर्यंत गाडी तशीही बाहेर काढायची नाही. ब्रेकचे पहिले काम मात्र जाणकाराला सोबत घेऊनच करावे. त्याशिवाय महिना २५० डॉलर वेगळ्या खात्यात टाकत राहावे. पुढे खरोखरच इंजिन बांधावे लागले तर सुरुवात त्या पैशांतून होईल, आणि एखादा ऑगस्ट हुकला तरी चालेल.

गाडीला गुंतवणूक समजू नये. विकताना नफा झाला तर त्यावर कर आहे, तोटा झाला तर त्याची वजावट नाही. तरीही तिची किंमत जपावी. गाडीचा चासी क्रमांक (व्हीआयएन) २४२ ने सुरू होत असेल, तर ती कारखान्यातूनच जीटीओ म्हणून निघाली आहे. आणि इंजिनही तिचे मूळचेच असेल, तर ग्राहक त्याला जास्त पैसे देतात. इंजिनाच्या ब्लॉकच्या पुढील बाजूस कोरलेल्या कोडचे आणि क्रमांकाचे फोटो आजच काढून ठेवावेत. उतरवलेले क्वाड्राजेटसारखे मूळ भाग टाकू नयेत आणि विमा आधी ठरवलेल्या किमतीचा घ्यावा.

गॅरेजला ३,००० डॉलर आगाऊ देऊ नयेत. आठही सिलिंडरचे आकडे त्यांच्याकडून लेखी मागावेत आणि स्वतः मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दोन्हींत इंजिन खरोखर थकलेले दिसले, तर व्हॉल्व्हचे काम, संपूर्ण बांधणी आणि फ्युएल इंजेक्शन यांची तीन वेगळी अंदाजपत्रके घ्यावीत. त्यांतील तिसरे मी आत्ताच बाजूला ठेवीन.